चांद्यासाठी भरलेल्या बांगड्या

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन गावाहून, माझ्या धाकट्या मुलाचा. "थोरली आई गेली. तू ये," एवढंच म्हणाला. मी हातातली जुडी पुरती निवडली आणि मगच उठले. सुनेला वाटलं, मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. पण उठलं की निघावं लागणार, आणि निघालं की ते खरं होणार... म्हणून बसून राहिले. आता काही आठवडे झालेत, आणि लोक विचारतात, तुमच्या जाऊबाई कशा होत्या? पेपरात यावं असं त्यांनी आयुष्यात काही केलं नाही. एक कुत्रं सांभाळलं. तेच लिहिते.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं गाव सुप्यापासून आत, माळावरचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का त्या घरात चांगल्या मुरलेल्या होत्या. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात. आमच्यातही दावा उभा राहायचा, पण बोलायचं सगळं काम माझ्या एकटीकडे, त्यामुळे फार वेळ टिकायचा नाही. त्या मुळात अबोल. बाकीच्या सुना माहेराहून हंडा-कळशी आणतात. आक्कांनी एका फेरीला पाटीत घालून कुत्र्याचं पिल्लू आणलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "आमच्या थोरलीनं आंदन बगा काय आनलंय." आक्का हसायच्या आणि चांद्याला चतकोर भाकरी टाकायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून कुत्र्यावर जीव, असं कोणी म्हटलं की मला अजून राग येतो. ज्यांना पोरं आहेत त्यांनाही कुत्र्याचा लळा लागतोच की. जीव लावायला माणसाला कारण लागत नाही.

मग भाऊजी तापाने गेले. आक्कांचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि आधीच कमी बोलणाऱ्या त्या पार गप्प झाल्या. घरात कुठे आहेत ते कळायचं नाही. मी भांडी घासता घासता मागे वळावं तर त्या उभ्या असायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात एका सकाळी चांद्या अंगणात मधोमध उभा राहिला तो हलेना. हाक मारली तर निघाला आणि गव्हाणीवर जाऊन आदळला. पुन्हा उठला, पुन्हा आदळला. डोळे बघावेत तर कालच्यासारखेच काळेभोर, स्वच्छ. फूल पडलेलं नाही, पाणी गळत नाही. लोक म्हणाले, सोंग करतंय. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी तुरटीचं पाणी घालायला सांगितलं. आक्कांनी त्याच्या तोंडासमोर हात झपकन नेला. पापणी लवली नाही. तशा त्या तिथेच मातीत खाली बसल्या.

नगरला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे आक्का निघाल्या, आणि एकट्या कशा जातील म्हणून मी निघाले. एसटीत कंडक्टरने कुत्रं घेतलं नाही. शेवटी जनावरांच्या छावणीवर कडबा टाकून परतणाऱ्या ट्रकमध्ये मागे बसलो. डॉक्टरने बॅटरीचा उजेड डोळ्यांत मारून बराच वेळ बघितलं. म्हणाला, डोळे बरे आहेत, डोळ्यांमागची नस सुजलीय. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. नजर येईल कदाचित, कदाचित येणारही नाही. पण गोळी चुकवायची नाही आणि आपल्या मनाने बंद तर मुळीच करायची नाही. आक्कांनी एकच विचारलं, "त्याला दुकतंय का?" डॉक्टर नाही म्हणाला. येताना सगळी वाट त्यांनी त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं.

त्या गोळ्यांनी चांद्याला तहान लागायला लागली, आणि तहान म्हणजे कसली! परात रिकामी करायचा आणि पुन्हा जीभ काढून उभा. डॉक्टरने सांगितलं होतं की असं होईल, पाणी तोडू नका. गावातल्या विहिरींना तळ दिसत होता, टँकर यायचा तेव्हा यायचा आणि त्याच्यावर बायकांची झोंबाझोंबी. आक्का आपल्या वाटणीचं पाणी चांद्याला पाजायच्या. अंघोळ सोडलीच होती. पुढे पुढे दुष्काळी खडीच्या कामावरून आल्यावर नुसती चूळ भरून बसायच्या. सासूबाई म्हणायच्या, माणसाला मिळंना अन् कुत्र्याला परात. त्यांचंही खोटं नव्हतं. त्या घरात माझी लहान लेकरं होती, आणि मी आई होते. मी कोणाची बाजू घेणार? आक्कांचे फुटलेले ओठ दिसायचे आणि मी दुसरीकडे तोंड करून भाकरी थापायची.

पण खरी अडचण पाण्याची नव्हती. चांद्या आक्कांनाच चावायला लागला. अंधारात एकाएकी अंगावर हात आला की तो बिथरायचा. वासावरून ओळखायला त्याला जरा वेळ लागायचा, आणि तेवढ्यात दात लागलेले असायचे. ओळख पटली की हात चाटत, कुंई कुंई करत लोळण घ्यायचा, पण गोळी जमिनीवर पडून मातीत गेलेली असायची. आक्कांच्या मनगटाला कायम चिंधी बांधलेली. तोंडाने हाका मारत जायचं त्यांना सांगून बघितलं. दोनदा मारायच्या, तिसऱ्यांदा विसरायच्या. गप्प राहण्याची सवय हाडात गेली होती. आणि माझ्या हातून मात्र तो मुकाट गोळी घ्यायचा. ज्या कुत्र्याने मला कधी विचारलं नाही, ते माझी चाहूल लागली की शेपूट हलवत यायचं. आक्कांना ते लागायचं. बोलायच्या नाहीत, पण मी बघत होते.

मग एका दुपारी त्या माझ्याकडे एकटक बघत बसल्या. मी पीठ मळत होते. म्हणाल्या, "शांते, तुज्या बांगड्या वाजत्यात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्या बाईच्या बांगड्या चारचौघींनी फोडल्या, तिच्या हातात पुन्हा त्या भरायला कुठला कासार तयार होईल? आमच्या गावी येणाऱ्या कासाराला मी आडून विचारून बघितलं, तर तो टोपली उचलून चालता झाला. पुढच्या फेरीला मीच त्याच्याकडे बसले आणि माझ्यासाठी म्हणून हिरव्या काचेच्या बांगड्या मागितल्या, पण माप आक्कांचं सांगितलं. माझा हात जाड, ते माप माझ्या अंगठ्यापाशीच अडलं असतं. माझ्या हाताकडे बघून तो समजला. मुकाट्याने कागदात गुंडाळून दिल्या.

आक्का त्या भरून अंगणात आल्या तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुनाच्या नावानं भरल्यास गं?"

"नावानं न्हाई," आक्का म्हणाल्या. "मी आले त्ये त्याला कळावं म्हनून."

आणि हात हलवत चांद्याकडे गेल्या. तो उठला. कान टवकारून उभा राहिला आणि मग सरळ, कशावर न आदळता, त्यांच्याकडे आला. मी रडले. सासूबाई उठून आत गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस आक्कांशी बोलल्या नाहीत. टँकरवर बायका कुजबुजायच्या, खडीच्या कामावर मुकादमाने काहीबाही विचारलं, भावकीतल्या एका लग्नात त्यांना बोलावणं आलं नाही. मला उत्तरं सुचायची. उत्तरांची मला कधी कमी नव्हती. पण माझ्या उत्तरांनी कोणाचं तोंड बंद झालं नाही. गोळ्या मात्र एकही न चुकता गेल्या.

नजर आली नाही. डॉक्टरकडे पुन्हा गेलो, त्याने पुन्हा उजेड मारला आणि मान हलवली. गोळी हळूहळू कमी करत बंद केली. एवढं करून काय मिळालं, असं मीच चिडून विचारलं होतं, कोणाला ते आता आठवत नाही. देवाला असेल. चांद्या त्यानंतर कितीतरी वर्षं जगला, आक्कांच्या बांगड्यांमागून शेतात जायचा, घरी यायचा. तो गेला तेव्हा मी म्हटलं, आता काढा त्या. तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. हात मुका वाटतो." फुटली की दुसरी, असं करत त्या वाजत राहिल्या. पुढे तर सासूबाईसुद्धा शेवटच्या आजारात डोळे मिटूनच म्हणायच्या, थोरली आली वाटतं.

त्या दिवशी मी गावी पोचले तोवर बायकांनी आक्कांना अंघोळ घातली होती आणि बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या होत्या. रीत म्हणून. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, नव्या बायकांना काही माहीतही नव्हतं. मी म्हटलं, त्या परत घाला. शेजारची म्हातारी म्हणाली, "आता न्हाई चढायच्या बाई, हात आखडलाय." मी ऐकलं नाही. साबण मागितला, आक्कांचा गार हात मांडीवर घेतला. पहिलीच बांगडी चढवायला गेले आणि ती फुटली. मी दुसरी उचलली आणि खाली ठेवली... नाही जमलं. मग उरलेल्या सगळ्या त्यांच्या छातीवर, दोन्ही हातांखाली, पांढऱ्या कापडाच्या घडीत सैल ठेवून दिल्या.

आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. मी दाराशीच थांबले. चौघांनी तिरडी उचलली तेव्हा त्या वाजल्या, आणि दारापासून वळणापर्यंत आक्का कुठे आहेत ते मला कळत होतं.