प्लग-इन गाडीतून आईला मावशीकडे : इंदूर, खर्डी, टोकावडे

गाडी घ्यायची ठरवली तेव्हा डोक्यात एकच होतं, आईला एकदा मावशीकडे न्यायचं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आई तिला बाय म्हणते. ती मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे राहते. आमचं घर शहापूर तालुक्यात, खर्डी स्टेशनापासून आत चार किलोमीटर. दोन घरांमध्ये रस्त्याने सत्तरेक किलोमीटर, पण सहा वर्षांत दोघींची भेट नाही. मावशीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती काठी घेऊन दारापर्यंत येते, त्यापुढे नाही. म्हणजे जायचं तर आईनेच.

आणि आईला गाडी लागते. मावशीच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या जीपमध्ये रुखवताचं ताट आईच्या मांडीवर होतं. शेजारी व्याह्यांकडच्या दोन बायका बसलेल्या. सरळगाव यायच्या आत डिझेलचा वास आणि वळणं दोन्ही आईच्या पोटात गेली, आणि जे व्हायचं ते थेट रुखवताच्या लाडवांवर झालं. त्या दिवसापासून आई चारचाकीत बसली नाही. खर्डीच्या बाजाराला चालत जाते. रेल्वे तिला लागत नाही, पण टोकावड्याला रेल्वे जात नाही.

मी नववीतून सुटलो तो आधी नाशिक, मग धुळे, मग सुरत असा फिरत राहिलो. एका गावात दोन वर्षांच्या वर माझं मन लागत नाही. सध्या इंदूरला खोदकामाचं पोकलेन मशिन चालवतो. तिथं सेकंडहँड गाड्यांच्या एका यार्डात ही गाडी मी आठ महिने उभी बघत होतो. पांढरी, मोठी, नऊ वर्षांची, दोन मालक झालेली. प्लग-इन हायब्रिड असल्यामुळे गिऱ्हाईक जवळ यायचं, पेट्रोलचं झाकण एका बाजूला आणि चार्जिंगचं झाकण दुसऱ्या बाजूला बघून निघून जायचं. पेट्रोलवाल्याला बॅटरीची भीती, बॅटरीवाल्याला पेट्रोलचा खर्च. माझ्यासोबतचे ऑपरेटर म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी घेऊन काय करणार?

माझा हिशोब साधा होता. डिझेल गाडी घेतली तर आई बसणार नाही. नुसती बॅटरीची घेतली तर इंदूर ते खर्डी सव्वापाचशे किलोमीटरमध्ये दोनदा तरी चार्जिंगला थांबायचं, आणि आमच्या गावी लाईट गेली की बसा तिच्या तोंडाकडे बघत. ही गाडी बॅटरीवर पस्तीस किलोमीटर जाते, नवी होती तेव्हा चाळीसच्या वर जायची म्हणे. पुढे पेट्रोल. आईबरोबर असताना निम्मी वाट तरी बॅटरीवर चालवायची, म्हणजे धूर नाही, वास नाही; तोवर ती गाडीत रुळली की पुढे पेट्रोल. घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. अशी जुनी गाडी घेताना तिथल्या तिथं पूर्ण चार्ज करायला लावा, आणि बॅटरी शून्य होईपर्यंत स्वतः चालवून किलोमीटर मोजा. मी तसं केलं, तेव्हा यार्डवाल्याने भाव उतरवला.

पहिला दिवस

पहाटे पाचला पोहे खाऊन निघालो. खलघाटला नर्मदा ओलांडेपर्यंत उजाडलं. सेंधव्याच्या घाटात ट्रकांची रांग होती, तिथं अर्धा तास गेला. धुळ्याला शेवभाजी आणि भाकरी खाल्ली. तिखट सोसत असेल तरच मागवा. हायवेवर बॅटरी खर्च करू नये, गाडीत ती राखून ठेवायचं बटण असतं, ते दाबून ठेवावं; मला ते धुळ्याला आठवलं, तोवर बॅटरी संपली होती. इंदूरपासून घरापर्यंत एक्केचाळीस लिटर पेट्रोल गेलं. एवढ्या वजनाच्या गाडीला मी त्याला वाईट म्हणणार नाही. टोलला हजाराच्या आसपास धरून चला.

सगळ्यात मजा कसारा घाटात आली. उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक धरते आणि बॅटरीत भर पडत जाते. इगतपुरीला होती त्यापेक्षा खाली चार किलोमीटर जास्त दाखवत होती. डोंगराने फुकट दिलेले चार किलोमीटर.

घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. भात झोडून झालेलं, खाचरात वाल फुलाशेंगांवर होता. आईने गाडीभोवती एक फेरी मारली, चाकावर पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं, आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. बाबांनी विचारलं, एवढी मोठी कशाला? सहा पोती भात मावेल. मी म्हटलं, भातासाठी नाही घेतली.

दुसरा दिवस, आणि लाल दिवा

रात्रीच वायर लावून ठेवली होती, म्हणजे सकाळी निघायला बॅटरी भरलेली. सकाळी उठून बघतो तर चार्जरच्या डब्यावर लाल दिवा आणि बॅटरीत काही नाही. दुसऱ्या बोर्डला लावून बघितलं, गिरणीवाल्याकडून जाड वायर आणून बघितली. लालच. शेवटी इंदूरच्या यार्डातल्या मिस्त्रीला फोन केला. त्याने एकच विचारलं, घराला अर्थिंग आहे का? या गाडीचा चार्जर जमिनीशी जोड सापडल्याशिवाय वीज आत घेत नाही.

मला चांगलं आठवत होतं की घर बांधलं तेव्हा वायरमनने मागच्या बाजूला अर्थिंगचा पाइप गाडला होता. मागे गेलो. वायरचं टोक भिंतीला लोंबत होतं. पाइप नव्हता. बाबा ओसरीवर विडी ओढत गोठ्याकडे बघत होते. मीही तिकडे बघितलं. म्हैस ज्या खुंट्याला बांधली होती तो खुंटा लोखंडी होता, अडीच इंची, आणि वरच्या टोकाला वायर बांधायचं भोक होतं.

"चांगला पाइप मातीत रिकामा पडला हुता," बाबा म्हणाले. "म्हशीनं चार लाकडी खुंटं मोडलं. मग काय करू?"

"बाबा, कोणाला करंट लागला असता म्हणजे?"

"पाच वर्षं झाली, कोणाला लागला? तुझ्या गाडीलाच लागतो."

आई भांडी घासता घासता हसत होती. मला हसू येत नव्हतं. चारच दिवसांची सुट्टी होती, पाचव्या दिवशी इंदूरला मशिनवर हजर व्हायचं होतं. आज चार्ज झाली नाही तर आईला पेट्रोलवर न्यावं लागणार, आणि इंजिनचा आवाज ऐकून ती दारातूनच मागे फिरणार, याची मला खात्री होती.

बाबा उठले. कुदळ घेतली आणि मोरीच्या मागे खणायला लागले. जागा त्यांनी बरोबर निवडली, मोरीचं पाणी तिथं मुरतं. मी पहारीने मुरूम सैल करत होतो. छातीएवढा खड्डा झाला. म्हशीला आंब्याला बांधून पाइप परत आणला, तारेने घासून गंज काढला. खाली कोळशाचा थर, वर मिठाचा, परत कोळसा. मीठ खर्डीहून एक गोण आणलं, कोळसा चुलीतला जमवलेला होता. वर दहा हंडे पाणी. हे सगळं बाबांना कुठून माहीत म्हणून विचारलं, तर म्हणाले, वायरमनला खड्डा खणून कोणी दिला हुता? गावातला जो पोरगा वायरिंगची कामं करतो त्याने येऊन वायर जोडली, तपासली, चहा घेतला. दुसरं काही घेतलं नाही.

वायर लावली. दिवा एक क्षण लाल राहिला आणि हिरवा झाला. बाबा म्हणाले, आता म्हशीला खुंटा आण.

रिकामी बॅटरी भरायला चार तास लागतात आणि आठेक युनिट जातात. गावाकडे अशी गाडी नेणार असाल तर आधी घरी फोन करून पाइप जागेवर आहे का ते बघायला सांगा.

तिसरा दिवस

सकाळी आठला निघालो. आई पुढच्या सीटवर. मांडीवर पिशवी, पिशवीत नवा तांदूळ आणि मावशीसाठी लुगडं. काही खाल्लं नव्हतं तिने. बाबा म्हशीमुळे घरीच राहिले. गाडी आवाज न करता अंगणातून निघाली तेव्हा आईने दाराची कडी धरली ती सोडली नाही.

आटगावपर्यंत हायवे, मी साठच्या वर गेलो नाही. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. शहापूरला चहाला थांबूया म्हटलं, आईने मान हलवली. किन्हवलीचा रस्ता धरला. रस्ता आता बरा झालाय, पण वळणं तीच. दोन्ही बाजूंना साग, मध्येच वालाची हिरवी खाचरं. आई समोर बघत होती आणि घाम पुसत होती. मी काच खाली केली. अजून सात किलोमीटर बॅटरी होती, थेंबभर पेट्रोल जळालं नव्हतं.

"थांबव," आई म्हणाली.

दार उघडायला वेळ मिळाला तेवढाच. रस्त्याच्या कडेला तिने जे केलं ते लिहीत नाही. मी पाण्याची बाटली घेऊन मागे उभा राहिलो. ना डिझेल, ना धूर, ना वास. पाच वर्षांची बचत घातली होती मी त्यात.

आई एका दगडावर बसली. तोंड धुतलं. "आवाज नाय, हादरा नाय," ती म्हणाली. "नुसती झाडं मागं पळतात. पोटाला कळतच नाय कुठं चाललोय ते." मग म्हणाली, "वळव गाडी. बायला सांग, नाय जमलं."

समजावणं मला जमत नाही. त्या दगडापासून घर अठ्ठावीस किलोमीटर मागे होतं आणि मावशी बेचाळीस किलोमीटर पुढे.

तेवढ्यात शहापूरकडून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत वालाच्या शेंगा. सरळगावच्या आठवड्याच्या बाजाराला निघालेली, गाडी चुकली म्हणून फाट्यापर्यंत चालत होती. आईकडे बघून तिने पाटी खाली ठेवली आणि बाजूला बसली. कुठली, कुठं चाललीस, कोणाकडे, सगळं विचारून घेतलं. आईने सांगितलं. का थांबलो तेही सांगितलं.

"मग?" ती बाई म्हणाली. "मी दर बाजाराला यष्टीत वकते. कंडक्टर मला बघूनच खिडकी रिकामी करतो. वकते, तोंड पुसते, शेंगा इकते, परत येताना परत वकते. उलटी झाली म्हणून बाजार सोडीन का?"

"लोकं बघतात गो," आई म्हणाली.

"बघू दे. शेंगा घेताना कोण नाव ठेवत नाय."

आई दगडावरून उठली, पदर झाडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, हिची पाटी मागं ठेव, आपण सरळगावलाच चाललोय. आणि स्वतः पुढे न बसता तिच्या शेजारी मागे जाऊन बसली.

किन्हवलीच्या अलीकडे बॅटरी संपली आणि इंजिन सुरू झालं. मी आरशात बघितलं. दोघी वालाच्या भावावर बोलत होत्या. सरळगावच्या आधी आईने परत एकदा गाडी थांबवायला लावली, उतरली, आटपून आली आणि जिथं बोलणं तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं. सरळगावला बाईने उतरताना शेंगांची एक ओंजळ आईच्या ओटीत टाकली.

सरळगाववरून कल्याण-नगर हायवे लागतो. टोकावडेपर्यंत रस्ता सरळ, पुढे माळशेजच्या भिंती जवळ येत जातात. म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत मुरबाडकडून येणार असाल तर सकाळी लवकर या, गर्दी फार असते.

मावशी काठी धरून दारात उभी होती. आईचं तोंड उतरलेलं बघून तिने पहिलं काय विचारावं? "आज कोणाच्या लाडवांवर?"

आई तिथंच पायरीवर बसली. मला वाटलं रडते, म्हणून जवळ गेलो. हसत होती. मावशी म्हणाली, व्याह्यांनी लाडू नेलेच नव्हते, आमच्या बैलांनी खाल्ले, आणि सहा वर्षं तू कोणाला लाजतीस, बैलांना? आई म्हणाली, बैलांनाच. मग दोघी आत गेल्या आणि मी ओसरीवर एकटा. जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. संध्याकाळी निघायचं बोललो तेव्हा आई म्हणाली, तू जा, मी राहते. मी तसाच पेट्रोलवर घरी आलो.

परत इंदूर

चौथ्या दिवशी घरातून शंभर टक्के चार्ज करून निघालो. ते पस्तीस किलोमीटर कसारा घाट चढतानाच संपले. आता रोज रात्री भाड्याच्या खोलीखाली गाडी चार्जिंगला लावून ठेवतो, साईट पंधरा किलोमीटरवर आहे, आठवडाभर पेट्रोल लागत नाही. अशा गाडीचा खरा फायदा हाच आहे. रोजचं जाणंयेणं थोडं आणि कधीतरी लांबचा पल्ला असेल तर घ्यावी. कोणाला गाडी लागते म्हणून घेऊ नये.

आईला आणायला पुढच्या महिन्यात सुट्टी काढायची असं मी ठरवलं होतं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, घरून. टोकावड्यावरून यष्टीने मुरबाड, मग दुसरी यष्टी शहापूर, आसनगावला रेल्वे, खर्डीवरून चालत. दोनदा उलटी झाली म्हणाली. मी विचारलं, माझी वाट का नाही बघितलीस?

"तू कवा येशील, तुला तरी ठावं हाय का?" ती म्हणाली. "चैत्रात परत जातेय. बायचे पापड लाटायचे हायेत. तू असलास तर सोड, नायतर मी जाईन. आता बाबाला कुठंतरी ने त्या गाडीतून. आमच्या लग्नानंतर तो मुरबाडच्या पलीकडं गेलेला नाय."