तेलाच्या आशेवर पडीक राहिलेलं रान

मामीचा फोन आला आणि मी रजा टाकली. मामा ऊस लावायला तयार नाही, रानात तेल निघणार म्हणतो, तू त्याच कामातली आहेस तर येऊन सांग, एवढंच ती म्हणाली. माझं काम म्हणजे जमिनीखाली अजून न सापडलेलं तेल आणि वायू किती असू शकेल, याचा कागदावर अंदाज बांधणं.

पुण्याहून पहाटे पाचला निघाले. महामार्गावर जागोजागी कामं चालू आहेत, कागलपर्यंत सहा तास धराच. डिझेल-टोल येऊन-जाऊन चार हजारांच्या आसपास. कोल्हापुरात मिसळ खाल्ली. कट जपून मागा. कागलहून बिद्रीच्या रस्त्याला लागलं की उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावं लागतं. गळीत हंगामात इकडे दिवसाउजेडीच गाडी चालवा.

दोन्हीकडे ऊस आणि मधे मामाचं दोन एकर रान तणानं भरलेलं. मागच्या वर्षी सर्वेक्षणाच्या गाड्या आल्या, जमिनीला हादरे देऊन प्रतिध्वनी टिपून गेल्या. मागे एक खुंटी राहिली, लाल फीत बांधलेली. मामाने तिला हळदकुंकू वाहिलं, तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेला खोडवा मोडला आणि कारखान्यात उसाची नोंदच केली नाही. खोदायला आले तर उभं पीक आडवं यायला नको. तेव्हापासून घर मामीच्या दोन म्हशींवर चाललेलं. बांधावरून शेजारी ओरडला, "काय तेलवालं शेट, इमान कवा घेताय?" मामा हसला. मामी नाही.

जेवणं झाल्यावर मी मामाला समजावलं. खुंटी नुसती ओळ आखायला होती, ती ओळ कितीतरी रानांतून गेली. इथे वर काळ्या पाषाणाचा जाड थर, त्याखालचं कुणी नीट पाहिलेलं नाही, शक्यता अगदी कमी.

"म्हंजे न्हाय?"

"फारच कमी, मामा."

"तसं नगं. न्हाय म्हण. उद्या नांगर घालतो."

मामी दारात येऊन उभी राहिली.

जिथे खोदून पाहिलेलं नाही तिथे शून्य लिहायचं नसतं, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. वीस वर्षं मी ते पाळत आले आहे.

"असं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही," मी म्हणाले.

मामाने समाधानाने मान डोलावली. मामी आत गेली. सकाळी तिने भाकरी बांधून गाडीत ठेवली आणि म्हशींकडे निघून गेली.

परत येऊन महिना झाला. काल तिचा फोन होता. लागणीचे दिवस सरले, एक म्हैस विकली. मामा गावभर सांगत फिरतो, आमची भाची त्याच खात्यात हाय, ती न्हाय म्हणाली न्हाय.

मी म्हटलं, "मामी, मामाला फोन दे. मी आत्ता सांगते, नाही म्हणून."

"आता काय उपेग, पोरी?" ती म्हणाली. "मीच तुला शिकवलं म्हणंल."