रोज सकाळी तीन मिलिमीटर

आमच्या पर्जन्यमापकात कोणीतरी पाणी ओतत होतं. रोज. सकाळी सहा ते सातच्या दरम्यान. नाव घेत नाही. त्या हंगामातही घेत नव्हतो, पण नाव न घेता मी छेडछाडीचा आरोप इतक्या वेळा केला की निम्मं गाव मला बघून रस्ता बदलायचं. 'यंत्राशी छेडछाड करणाऱ्या समाजकंटकांनो,' अशी सुरुवात करून मी गोदामासमोरच्या शेडच्या भिंतीवर खडूनं एक जाहीर निवेदनही लिहिलं होतं. वय तेवीस, हातात कृषीची पदवी, आणि शेतकऱ्याचं भलं एकट्यानं आणि याच वर्षी करायचं अशी ठाम समजूत. दुसरं काय होणार!

यंत्र एक, हंगाम एक, पण त्याचे किस्से इतके झालेत की चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "काढ बे तुझं मशीन!" मग मी काढतो. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, आणि चहा गार होतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्रा आणि कपाशी करणाऱ्या शेतकऱ्यांची एक सोसायटी. मी तिथं नोकर. अख्ख्या गावात एकच टीव्ही होता, त्या काळात आम्ही आणलं इलेक्ट्रॉनिक हवामान केंद्र! लोखंडी खांबावर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, आर्द्रता आणि उष्णता मोजणारी पांढरी पेटी, शेजारी पाऊस मोजायचं नरसाळं, आणि गोदामातल्या खोलीत लाल आकडे दाखवणारा एक डबा. दर तासाला डब्यातून कागदाची पट्टी पुढं सरकायची आणि तिच्यावर आकडे छापून यायचे.

यंत्र बसवून निघताना पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, "हा एक हंगाम चाचणीचा. दसरा झाला की मी येईन. नोंद सलग हवी आणि खात्रीची हवी. नाहीतर यंत्र उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ."

या यंत्रासाठी मी वर्षभर अर्ज खरडले होते. आमच्याकडं लोक सकाळी फवारणी करायचे आणि दुपारच्या पावसात औषध वाहून जायचं, हे दरसालचं. वारा आणि आर्द्रता बघून आदल्या दिवशी सावध करता आलं असतं. यंत्र गेलं की तेही गेलं.

* * *

यंत्राजवळ झाड नको, हा आमचा नियम. जिथं जाईन तिथं वृक्षारोपण, हा उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांचा नियम. त्यांचाच चालला! यंत्राभोवती गोल रिंगण आखून अकरा कडुलिंब लावले गेले.

मी सोसायटीच्या अध्यक्षांना, बापूसाहेबांना, बाजूला घेतलं. "अहो, ही झाडं वाढली की वारा अडेल!"

बापूसाहेब माझ्या कानाशी लागले. "भाऊ, पुढाऱ्यानं लावलेलं झाड वाढलेलं कधी पाह्यलं काय तुम्ही?"

आठवड्यात बकऱ्यांनी अकराही संपवले. बकऱ्यांचे मनापासून आभार मानण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

झाडांनंतर नारळ. दगड आणायला माणूस पळाला, पण पुढाऱ्यांना दुसऱ्या उद्घाटनाची घाई. त्यांनी नारळ सरळ खांबावर आपटला. पाणी उडालं ते शेजारच्या नरसाळ्यात! आत डब्यावर लाल आकडा उमटला: चार मिलिमीटर. भर मे महिन्यात, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात!

टाळ्या पडल्या. बातमीदारानं लिहिलं, 'उद्घाटन होताच केंद्रावर पर्जन्यवृष्टी.' मी खुलासा पाठवला. तो काही छापून आला नाही.

* * *

किसनआबा म्हणजे गावातले सगळ्यात जुने संत्रेवाले. ते काठी टेकत यंत्र बघायला आले. खांबाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे मशीन, पाऊस कवा येईन ते सांगते काय?"

"नाही आबा. किती पडला ते सांगतं."

"म्हंजे पडून गेल्यावर?"

"हो."

"ते तं मले माहीतच असते! मी भिजेल असतो ना!"

आमच्या भागात अक्षय तृतीयेला घट मांडून सालभराच्या पावसाचं भाकीत करतात. आबांची गाडी तिकडं वळली. "तिथं मातीच्या घटात काम होते. तुमच्याले खंबा लागते, वायर लागते, वरून तुमच्यासारखा शिकेल मानूस लागते. अन् सांगते काय, तं मागचं!"

मी खाली बसलो आणि त्यांना नोंदींचं महत्त्व समजावलं. आर्द्रता समजावली. वाऱ्याची दिशा काठीनं मातीत काढून दाखवली. अर्धा तास! आबांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

शेवटी म्हणाले, "पटलं. मंग आता सांगा, पानी कवा येईन?"

* * *

जूनच्या शेवटी एकदा रात्रभर धो धो कोसळला. मी जळगाव जामोदला खोली घेऊन राहत होतो, रोज आठच्या एसटीनं यायचो. त्या दिवशी एसटी नाल्याशी अडकली. उरलेलं अंतर चिखल तुडवत, पण आनंदानं. यंत्राची पहिली खरी परीक्षा!

डब्यावर आकडा: शून्य.

धावत मागं गेलो. नरसाळ्यावर घमेलं पालथं घातलेलं, त्यावर दगड!

"म्याच झाकाले लावलं," बापूसाहेब समाधानानं म्हणाले. "एवढं महागाचं मशीन, पान्यात भिजू द्यायचं काय?"

काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी भरपूर बोललो. बापूसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तोडगा काढला. "चिडता काऊन? पन्नास लिहून टाका. गाव तं भिजलंच ना!"

"नाही! यंत्रात जेवढं पडलं तेवढंच लिहायचं!" मी ओरडलो. पट्टीवर त्या शून्यासमोर तांबड्या पेन्सिलीनं 'घमेलं' असं लिहिलं. आणि पुन्हा कोणाला मोह नको म्हणून गोदामाच्या आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियमच रंगवला: 'यंत्रात पडलं ते लिहायचं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.'

मग दौलतकाकांना बोलावलं. दौलतकाका शाळेत तीस वर्षं घंटा वाजवून रिटायर झालेले, आता गोदामाचे राखणदार. त्यांना बजावलं, "काका, एक दिवस गेला. आणखी गेले तर यंत्र गेलं. रोज सकाळी बघत जा, यंत्र पाऊस मोजतं की नाही. लांबून नाही, खात्री करून! आणि खाडा नको."

काका ताठ उभे राहिले. "हाव सायेब. तीस वरसांत एक घंटा चुकली नाई माह्यी."

* * *

जुलै लागला आणि तो प्रकार सुरू झाला. आकाश कोरडं, जमीन कोरडी, आणि पट्टीवर सकाळी सहा ते सात, तीन मिलिमीटर! दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशीही तीन. पाऊस असा घड्याळ लावून येत नाही. कोणीतरी पाणी ओततंय, हे शेंबडं पोरही सांगेल.

तपास गुप्त राहावा म्हणून पाण्याची गोष्ट मी फक्त बापूसाहेबांना सांगितली. बाकी गावाला नुसतं 'छेडछाड'.

गावात दोन पार्ट्या होत्या, वरचा वेटाळ म्हणजे वरची आळी, आणि खालचा वेटाळ. बापूसाहेब वरच्या वेटाळातले. त्यांनी मिनिटात निकाल दिला. "खालच्या वेटाळाचं काम! पाऊस जास्त दिसला की गाव दुष्काळाच्या यादीतून बाहेर!"

"पण बापूसाहेब, खालचा वेटाळ याच गावात आहे ना? त्यांचंही नुकसानच होईल."

"तेच तं म्हनतो मी! सोताचं नुकसान झालं तरी चालते त्याईले, फक्त माह्यं झालं पायजे!"

दौलतकाकांनाही विचारलं. "सकाळी यंत्राजवळ कोणी येतं का?"

"कोनीच नाई, सायेब. मीच असतो."

पहाऱ्याला इतका भरवशाचा माणूस असूनही चोर सापडत नव्हता! शेवटी मी एक दिवस दुधाच्या गाडीनं पाचलाच येऊन खताच्या पोत्यांमागं दबा धरून बसलो. काकांनी मला पाहिलं, पण बिचारे काही बोलले नाहीत. सहा वाजले. सात वाजले. कोणी आलं नाही. आणि त्या दिवशी पट्टीवर शून्य!

"पाहिलंत काका? आज बरोबर काही झालं नाही!"

"आज तुम्ही सोता पाहून राह्यले ना सायेब," काका म्हणाले. "मंग आज कायले?"

मला ते अगदी पटलं. साहेब स्वतः पहाऱ्यावर म्हटल्यावर चोर कशाला येईल!

* * *

एसटी स्टँडवर मी एक फळा लावला होता. त्यावर रोज वारा, आर्द्रता आणि खाली 'आज फवारणी करा' किंवा 'करू नका'. वाचायचे सगळे, ऐकायचं कोणी नाही. एकदा लिहिलं, 'आर्द्रता ९१'. एक बाई आपल्या पोराला फळ्यासमोर उभं करून म्हणाली, "पाह्य! मशीनले एक्क्याण्णव, अन् तुले गनितात बारा!"

सप्टेंबरात एकदा फळ्यावर 'करू नका' होतं. कपाशीवाल्यांनी बिनधास्त फवारलं. दुपारी तीनला पावसानं सगळं औषध धुऊन नेलं. एकट्या किसनआबांनी संत्र्यावर फवारलं नव्हतं! मी धावत त्यांच्याकडं गेलो. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"आबा, फळा वाचलात ना तुम्ही?"

"नाई बा. पंप बिघडला माह्या."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा लिहायला गेलो तेव्हा आबा तिथं आधीच उभे होते. मला बघून एसटीची वाट बघत असल्यासारखं केलं. त्या वेळेला तिथून कुठलीच एसटी नव्हती.

* * *

मधे एक छोटीशी गोष्ट राहिली. ऑगस्टमध्ये दौलतकाका म्हणाले, "नरसाळ्याच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलं व्हतं, सायेब. काडीनं काढून टाकलं." मी त्यांची पाठ थोपटली. ती नळी बाहेरून दिसत नाही. मग काकांना कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी तेव्हा समाजकंटकांच्या मागावर होतो.

* * *

दसरा झाला आणि इंजिनिअर आले. पाच ठिकाणची केंद्रं बघून आमच्याकडं. चेहरा पडलेला. चहाला नको म्हणाले. गोदामाच्या फरशीवर अख्ख्या हंगामाची पट्टी त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडली आणि गुडघ्यांवर बसून वाचत निघाले. मी मागोमाग. बापूसाहेब दारात. किसनआबा, कधी नव्हे ते, आत येऊन पोत्यावर टेकलेले.

'घमेलं' या नोंदीशी इंजिनिअर क्षणभर थांबले, माझ्याकडं पाहिलं, पुढं सरकले. जुलैत आले आणि थांबलेच.

"हे काय आहे? रोज सकाळी तीन मिलिमीटर?"

तीन महिने तयार ठेवलेलं भाषण मी सुरू केलं. "साहेब, काही समाजकंटक शेतकऱ्यांच्या प्रगतीच्या आड..."

"एक मिनिट. कोण ओततं पाणी?"

"मी ओततो ना, सायेब," मागून आवाज आला.

दौलतकाका! हातात चहाचा छोटा गिलास. तो त्यांनी पुरावा म्हणून पुढं धरला.

"सायबानं सांगितलं, रोज खात्री करून पाह्यची, मशीन पाऊस मोजते का नाई. आता पाऊस तं रोज येत नाई. मंग पान्याबिगर खात्री कशी करू? एक गिलास टाकायचा, आतमंधी टकटक वाजलं की समजायचं, चालू हाय. एक दिवस वाजलंच नाई, तं माशीचं घर निंघालं."

 उघड्या दारातून समोरच्या शेडच्या भिंतीवरचं माझं निवेदन दिसत होतं. पावसानं सगळा खडू धुतला होता, पण 'समाजकंटकांनो' तेवढं छपराखाली राहिलं होतं.

बापूसाहेबांनी एक पाऊल मागं घेतलं. मीही घेतलं असतं, पण मागं पट्टी होती.

इंजिनिअर उठले. गुडघे झटकले. "पाचही ठिकाणी नरसाळ्यांत पाखरांची घाण, पालापाचोळा. पट्टीवर महिनाभर शून्यच शून्य. पाऊस पडला नाही की यंत्र तुंबलं होतं, कोणालाच सांगता येत नाही. सगळ्या नोंदी वाया. इथला मात्र प्रत्येक कोरडा दिवस खात्रीनं कोरडा आहे." मग माझ्याकडं वळले. "यंत्र इथंच राहील. ही रोज तपासायची कल्पना कोणाची?"

"सोसायटीचीच!" बापूसाहेब दोन पावलं पुढं येऊन म्हणाले.

"आता चहा चालेल," इंजिनिअर म्हणाले आणि त्यांनी मला पेन दिलं. "फक्त एक करा. रोजचे तीन मिलिमीटर वजा करून हंगामाची बेरीज काढा."

मी पट्टीशी बसलो आणि पहिल्या तिनावर आडवी रेघ मारली. दौलतकाका वाकून बघत होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी भिंतीवर मी रंगवलेल्या नियमाकडं बोट केलं.

"वजा कायले करता, सायेब? पानी तं म्या खरंच टाकलं व्हतं!"