कल्हईच्या धुरातला रोजा

परवा इतवारीतून जाताना कुठूनसा नवसागराचा वास आला आणि माझे पाय जागीच थांबले. त्या वासातच माझी जवानी गेली. मी आणि माझे उस्ताद भांड्यांना कल्हई करायचो. ते भाता चालवायचे, मी तापल्या पातेल्यात कापसानं कथील फिरवायचो आणि काळ्या पोटात हळूहळू चांदी उतरायची. एकदा अशीच रमजानातली दुपार होती. धूर उन्हात असा तरंगत होता, की सारी गल्ली पाण्याखाली झोपली आहे असं वाटावं. पातेलं घेऊन आलेला माणूस माझे सुकलेले ओठ पाहून हसला. "काहून गा, तुमचा अल्ला घोटभर पाण्याले भेते का?" मी तापला चिमटा उचलला आणि त्याच्या मायवरून शिवी हासडली. भाता थांबला. "चिमटा खाली ठेव," उस्ताद म्हणाले; एरवी ते माझ्याशी उर्दूत बोलायचे, पण आता मुद्दाम मराठीत, त्या माणसाला कळावं म्हणून. "दीनासाठी, आपल्या धर्मासाठी बोललो मी!" "याच्या मायले शिवी दे, असं दीनानं सांगतलं तुले? हा तं मस्करी करून राहिला होता. रोजा तुह्याच जिभेनं खराब केला, बेटा." तो माणूस मान खाली घालून बसला. मी माफी मागितली नाही. पुढं उस्ताद वारले, तोवर चूकही कबूल केली नाही. आजही माझ्या दीनाबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी उठून उभा राहतोच. पण दरवर्षी ईद झाली की एक रोजा जास्तीचा धरतो. घरचे विचारतात, काहून? मी सांगत नाही.