दुधाच्या कॅनमधलं पाणी

हे गेले, पण त्यांची सायकल काही मी मोडीत दिलेली नाही. मागच्या दारी उभी आहे, दोन्ही बाजूंना कॅन टांगलेले. भाचा म्हणतो, "मामी, अडगळ कशाला?" मी म्हणते, "बाबा रे, मीही आता अडगळच. आधी मला काढ."

आमचे हे दूध घालायचे. उभा जन्म त्यातच गेला. पहाटे गोठ्यावरून कॅन भरून आणायचे आणि गल्लोगल्ली हिंडायचं. दारापुढे आले की घंटी, दोनदा आखूड आणि एकदा लांब. आतून बाई पातेलं घेऊन बाहेर. माप ओतून झालं की वर एक धार फुकट. एकदा डावीकडच्या कॅनमधून घालायचे, एकदा उजवीकडच्या, म्हणजे सायकल एका अंगाला झुकत नाही. उंबरा मात्र कोणाचाच ओलांडायचे नाहीत. कोणी कितीही आग्रह केला तरी "दूधवाला दाराबाहेरच बरा" म्हणून पुढे.

आमची एकच लेक, भिंगरी. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलं. लहानपणी ती यांच्या मागे कॅरियरवर बसून, दोन्ही कॅनवर पाय टाकून अख्खी गल्ली फिरायची. आणि मोठी झाल्यावर फिरत फिरत थेट दोन सरहद्दींपलीकडे गेली. तिकडचा एक ट्रकवाला इकडे माल घेऊन यायचा, त्याच्याशी तिनं जमवलं. मुलगा चांगला होता. पण आम्हाला न विचारता ठरवलं, हे यांना झोंबलं. "पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस. मीही तुझी चढणार नाही," असं बोलून बसले. माणूस मनानं लोणी, पण बोललेला शब्द मागे घेणं म्हणजे नाक कापल्यासारखं.

त्यानंतर घरात तिचं नाव बंद. तिची लाल सायकल तेवढी आठवड्याला पुसून, तेल देऊन ठेवायचे. कशाला म्हटलं तर, "गंजते." जळलं मेलं, घरात गंजायला दुसरं लोखंड नव्हतं का? पण मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

मग एकदा एक म्हातारं जोडपं सायकलींवरून देशोदेशी हिंडत आमच्या दाराशी आलं. यांनी त्यांचं पंक्चर काढून दिलं. ते गेले आणि यांची चुळबुळ सुरू झाली. दुधाची लाइन तोवर भाच्याकडे दिलेली, हात रिकामे.

"आपणही जाऊन येऊ कुठंतरी," एक दिवस म्हणाले.

"कुठं?"

"असंच. दक्षिणेकडे. रस्ता चांगला आहे म्हणतात."

दक्षिणेकडे लेकीचं गाव. मी हूं की चूं केलं नाही. काही बोलले असते तर तिथंच फिसकटलं असतं. एवढंच म्हटलं, "बसनं जाऊ."

"बस लागते मला. आणि बसनं गेलं की पोचायलाच निघाल्यासारखं होतं. सायकलवर आपण नुसते फिरायला."

म्हणजे मधूनच परत फिरायची वाट राखून ठेवली होती गृहस्थानं. हा माणूस लेकीच्या दारापर्यंत पोचतो की अर्ध्यातून वळतो, एवढाच घोर मला लागला. मला तिचं तोंड बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मी लाल सायकल घेतली, यांनी आपली. कॅन काढून, हलकी करून. आणि बाई गं! गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत हे दोनदा पडले. जन्मभर भरल्या कॅनवर सायकल हाकलेली, रिकामी सायकल हाताला लागेचना. शिकाऊ पोरासारखी वेडीवाकडी. शेवटी चिडून परत आले, कॅन टांगले आणि नळाखाली धरून काठोकाठ पाण्यानं भरले. मग सुतासारखी सरळ.

"अहो, लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत. दात दिसतील त्यांचे."

कॅनशेजारी मापही अडकवलेलं होतं. ते कशाला, मी विचारलं नाही.

काय ते दिवस! ऊन असं, की डांबर चाकाला चिकटायचं. दुपार कलली की आभाळ फुटायचं आणि घटकाभरात पुन्हा ऊन, रस्त्यातून वाफा. दुतर्फा रबराची झाडं, प्रत्येकाला वाटी बांधलेली. हे थांबून बघायचे. "झाडं दूध देतात गं, आणि वरची धारही नाही!" दुकानांच्या माड्यांवर भाड्याच्या खोल्या, भिंतीवर पाली, एकच पंखा. माझी कंबर गेली होती कामातून, पण इतकं हसणं लग्नानंतर कधी झालं नव्हतं.

पहिल्या सरहद्दीवर अडवलं. शिपायानं झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं आणि साहेबाला हाक मारली.

"पाणी?" साहेब म्हणाला. "आमच्याकडे पाणी नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"पिण्याचं नाही. वजनाचं," हे म्हणाले.

कोण विश्वास ठेवणार? दोन्ही कॅन ओतायला लावले. "आता जा." हे निघाले ते डगमगत थेट कुंपणात. साहेब पोट धरून हसला आणि शिपायाला पिटाळून कॅन पुन्हा भरून दिले. वर म्हणाला, "आजोबा, कुठं निघालात?"

"लेकीकडे," हे म्हणाले.

मी चमकून बघितलं. यांनी जीभ चावली आणि पुढं कितीतरी वेळ माझ्याकडं बघितलंच नाही.

मधला देश एवढासा. दुसरी सरहद्द म्हणजे नदी, पलीकडे जायला तराफा. काठावर आल्यावर हे खाली उतरले. "झालं फिरून. इथून परत."

इतकी वर्षं गिळलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. "तुम्ही जा परत. शब्द तुम्ही दिलात, मी नाही. माझी पोर आहे ती!" म्हटलं आणि लाल सायकल तराफ्यावर चढवली. मागे वळून बघितलं नाही, पण कान मागेच. तराफा सुटता सुटता फळीवर कॅनचा डुचमळता आवाज आला, तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. हे आपले तोंड फिरवून उभे.

सकाळी सकाळी तिच्या गल्लीत पोचलो, पत्ता मी जपून ठेवला होता. हिरवं दार, पुढं एक दगडी पायरी, समोर सार्वजनिक नळ. हे रस्त्यातच थांबले. "तू जा."

"मी नाही जात. तुमचं तुम्ही बघा."

उभे राहिले. आणि मग त्यांचा हात आपोआप घंटीवर गेला. दोनदा आखूड, एकदा लांब.

दार उघडलं. भिंगरी अर्धवट झोपेत बाहेर आली, केस मोकळे, हातात पातेलं. आम्हाला बघून तिथंच खिळली. पातेल्याकडं बघितलं, आपण ते कधी उचललं हेच तिला कळेना.

यांनी माप बुडवलं आणि तिच्या पातेल्यात पाणी ओतलं.

तिनं पातेलं तसंच पुढं धरलं. "बाबा, वरची धार?"

यांनी पुन्हा माप बुडवलं. ओतलं. पुन्हा ओतलं. पातेलं भरून वाहायला लागलं, तिची पावलं भिजली, तरी हे ओततच होते, त्याच एका कॅनमधून. जन्मात केली नव्हती ती चूक केली. एक बाजू हलकी झाली, सायकल धाडकन दुसऱ्या अंगावर पडली आणि उरलेलं पाणी गल्लीभर झालं.

"आता जाणार कसे तुम्ही?" भिंगरी रडत हसत म्हणाली.

"पाणी संपलं," हे म्हणाले.

नळ हातभर अंतरावर होता, वाहत होता. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दोन पावलं पुढे गेले आणि तिच्या पायरीवर बसले.

"अहो, पायरी!" मी म्हटलं.

"चढलोय कुठं? बसलोय."

भिंगरी त्यांना चिकटून बसली. मी पातेलं उचललं आणि त्याच पाण्याचा चहा ठेवायला आत गेले.