शेजारच्या खाटेवरची बाई

माझा राग देवावर होता. मुलगी सुखरूप झाली, बारसं झालं, पेढे वाटून झाले, आणि मी देवघरासमोर दात आवळून बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "देव पावला, अजून काय हवंय तुला?"

माहेरी धारला आई हयात नाही, म्हणून बाळंतपण सासरी देवासलाच, दवाखान्यात झालं. कळा असह्य होऊन ओरडले तर नर्सने मांडीवर चापट मारली. "उस वक्त तो नहीं चिल्लाई थी," म्हणाली. बाकीच्या नर्सा, आया हसल्या. ह्यांना कुणी आत येऊ दिलं नाही. मी आमच्या कुलदैवताचा, नृसिंहाचा धावा केला. खांब फोडून येणारा देव, पण तिथे काहीच हललं नाही. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून एका बाईने माझं मनगट धरलं. ती बागली गावाकडची, माळवी बोलणारी, स्वतः कळा देत होती. नर्सला थांबवत म्हणाली, "बेन, इके मारो मती." मग मला म्हणाली, "म्हारी आड़ी देख." मी तिच्याकडे बघत राहिले, तिच्याबरोबर श्वास घेत राहिले, आणि माझी मुलगी झाली. नर्सने पुन्हा हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसरीच कुणी होती. तिचं बाळ गेलं, घरचे तिला घेऊन गेले, असं आयाने सांगितलं. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

लोक म्हणतात, देवच तिच्या रूपाने आला. ते ऐकून माझं डोकं तडकतं. असेल आला, मग तिच्यासाठी कोण आलं? पगारी माणसं उभी असताना कळा देणाऱ्या बाईनेच दुसरीची सुईण का व्हावं?

सासूबाईंचा नवस फेडायला आम्ही हाटपिपल्याला नृसिंहाच्या देवळात गेलो. एवढा राग काढून घे, असं मागायचं ठरवलं होतं. मुलीला देवापुढे ठेवलं आणि ते मागताच येईना. मनातल्या मनात त्याच्याशी कडाडून भांडले. भांडता भांडता एकदम कळलं, मला काय करायचंय ते. माझ्यातून ते आलं असं मला अजून वाटत नाही.

बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "मला बाळंतपणाचं नर्सिंग शिकायचंय."

"त्या खोलीत परत जाशील?"

"त्यासाठीच."

हे सासूबाईंकडे बघू लागले. त्या माझ्या कडेवरून मुलीला घेत म्हणाल्या, "ह्याच्या जन्माच्या वेळी माझ्या तोंडात बोळा कोंबला होता. आजवर कुणाला बोलले नाही. तू शीक. हिला मी बघते."

शांती मागायला गेले होते, ती मिळाली नाही. आता मागतही नाही. त्या बाईचं दुःख मला निवारता येणार नाही, ते देवाच्या पायाशी ठेवलंय. मला वाट दाखवली, ह्याबद्दल त्याची ऋणी आहे. दुपारी मुलगी झोपली की आधी हात जोडते, मग प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. चिडूनच करते.