‘सो दॅट’च्या पुढे

डोंबिवलीतल्या एका वाचनालयात मी संध्याकाळी इंग्रजी शिकवायचो. तिथे दिव्याहून लोकलने पन्नाशीच्या एक बाई यायच्या. बसल्या की आधी पदराने वही पुसायच्या, मग पेन्सिलीला टोक काढायच्या.

एकदा मी हेतू सांगणारं ‘सो दॅट’ शिकवलं आणि सगळ्यांना एकेक वाक्य करायला सांगितलं. ‘आय लर्न इंग्लिश सो दॅट’ एवढं लिहून बाई थांबल्या.

“नातवंडांना शिकवता यावं म्हणून, असं लिहा ना,” मी सुचवलं.

“नको सर. आजवर सगळं घरच्यांसाठीच केलं. हे माझ्यासाठी आहे.”

बऱ्याच वेळाने त्यांनी वही पुढे केली. ‘आय लर्न इंग्लिश सो दॅट आय लाइक इट.’

खरं तर तिथे ‘बिकॉज’ हवं होतं. मी बरोबरची खूण केली.